वस्तादांच्या गोळ्या

वैशाखात अनसिंगच्या शिवारात भुई तव्यासारखी तापते. तेव्हा म्हातारी माणसं उघड्या अंगानं ओट्यावर पडून असतात. मारोतराव वस्ताद मात्र मांजरपाटाची जाड बंडी अंगावरून उतरवायला तयार नव्हते. आंघोळसुद्धा बंडीसकट करायचे आणि ओली बंडी आत जाऊन, दार लोटून बदलायचे. त्यांच्या बायकोच्या, सोजरबाईच्या हे ध्यानात आलं.

सारी उमर ज्या माणसानं लंगोट लावून आखाड्याच्या मातीत काढली, मंगरूळपीरच्या उरुसातल्या कुस्त्या मारल्या, तो घरच्या बाईपासून छाती लपवत होता. तिला एकच सुचलं. रोग वर चढला.

कारण रोगाचं नाव तिला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात वस्तादांची लघवी तुंबली, तेव्हा त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी लघवीच्या वाटेवरची ग्रंथी आतून खरवडली आणि वाट मोकळी केली. खरवडलेला तुकडा तपासायला गेला, त्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ते तिच्या दिराला, नानाजीला सांगितलं. नानाजीनं व्हरांड्यात तिला सांगितलं. वस्तादांच्या कानावर काही घालायचं नाही, असं दोघांचं ठरलं. मुतखडा होता, निघाला, आता रोज ही पांढरी गोळी घ्यायची, एवढंच त्यांना कळलं. तेव्हापासून सोजरबाई भाकरी थापताना, पाणी शेंदताना ते नाव तोंडात आवळून धरून होती. कुणी नुसतं ‘वस्ताद कसे हायेत’ म्हटलं तरी ती घागर उचलून विहिरीकडं निघायची.

महिन्या-महिन्याला वाशिमहून लिलाबाई नर्स यायची. नागपूरचे डॉक्टर या आजाराचा शोध घेत होते. खरवडलेल्या तुकड्यातल्या पेशी काचेच्या बशीत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, हे त्यांचं एक काम. ऑपरेशन झालेल्या माणसाला नर्सनं घरी जाऊन शिकवलं तर तो कितपत पुन्हा उभा राहतो, ते बघायचं, हे दुसरं. वाशिमकडचे रोगी लिलाबाईच्या वाट्याला आले होते. ती बौद्धपुऱ्यातली. पहिल्या खेपेला तिला पाणी द्यावं की नाही म्हणून सोजरबाई दारातच घुटमळली होती, आणि लिलाबाईनं काही न बोलता पिशवीतली स्वतःची बाटली काढली होती. मग तिनं वस्तादांना लघवी रोखून धरायचे, सोडायचे व्यायाम शिकवले. वस्ताद आधी हसले, मग करू लागले, आणि धोतर कोरडं राहू लागलं. दुसऱ्या खेपेला सोजरबाईनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या आणि चहा दोन्ही ठेवले.

हे सगळं नीट चाललेलं असताना ही बंडी आली. वस्ताद आखाड्यात जाईनासे झाले. पोरं बोलवायला आली की तब्येतीचं निमित्त सांगायचे. ज्येष्ठ लागला तशी त्यांची कंबर दुखू लागली. रात्रभर कण्हायचे, विचारलं की म्हणायचे, वायू धरला; लिलाबाई आली की तेही सांगायचे नाहीत. एके दिवशी उकिरड्यावर शेण टाकताना सोजरबाईला राखेत पांढरे ठिपके दिसले. तिनं बोटानं उकरलं. त्या गोळ्या होत्या, काही विरघळलेल्या, काही अख्ख्या.

ती तशीच शेणाच्या हातानं उभी राहिली. काहून फेकता म्हणून विचारावं, तर ते म्हणतील, मुतखडा तर निघाला, मग गोळी कायले? आणि मग काय सांगायचं? चार दिवस तिनं तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी वस्ताद बाजेवरून उठायला गेले आणि दोन्ही पाय जागचे हललेच नाहीत. आपल्याच मांडीला चिमटा घेऊन ते बघत राहिले.

नानाजी बाजाराला रिसोडला गेला होता. सोजरबाईनं शेजारणीला बसवलं आणि एकटीच अनसिंगला येऊन एस.टी. धरली. आजवर तिनं एकटीनं गाडीत पाय ठेवला नव्हता. वाशिम येईपर्यंत तिनं पुढच्या सीटचा दांडा सोडला नाही. गाडी थांबली की तिला वाटायचं, आता मागून कुणी सांगावा घेऊन येईल. दवाखान्यात लिलाबाई सापडली. सोजरबाईचं सगळं ऐकून तिनं आधी गोळ्यांचंच विचारलं, आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरला. त्याच दुपारी ती सोजरबाईसोबत निघाली.

पाठ तपासायला लिलाबाईनं बंडीच्या बंदांना हात घातला, तसं वस्तादांनी तिचं मनगट धरलं. पाय गेले होते, पण पकड पहिलवानाचीच होती. लिलाबाईनं हात ओढला नाही.

“छाती सुजली हाये ना, वस्ताद?” ती म्हणाली. “बायकांसारखी. हात लावला की दुखते. या गोळीनं सगळ्यायचीच सुजते. रिसोडच्या मास्तराची सुजली, मंगरूळच्या शिंप्याचीबी.”

पकड हळूहळू ढिली झाली. वस्तादांनी भिंतीकडं तोंड केलं.

“मले वाटलं, मी बाई होऊन राह्यलो,” ते म्हणाले. “डाक्टरनं या गोळीतून माह्यावर कायतरी केलं. आखाड्यात कोणत्या तोंडानं जाऊ?”

मग तोंड न वळवताच त्यांनी विचारलं, “मुतखड्याले अशी गोळी कायले लागते?”

लिलाबाईनं सोजरबाईकडं पाहिलं. हे सांगणं तिचं नव्हतं. सोजरबाई बाजेजवळ येऊन बसली.

“मुतखडा नव्हता,” ती म्हणाली. “कॅन्सर हाये तुमाले. मले हिवाळ्यापासून मालूम हाये.”

तिला वाटलं, आता हा माणूस इथंच जीव सोडेल. वस्तादांनी भिंतीकडचं तोंड तिच्याकडं वळवलं.

“तू एकटीच हे घेऊन बसली होती?” ते म्हणाले. सोजरबाईनं पदर तोंडात कोंबला.

लिलाबाईनं मग सरळ सांगितलं. या रोगाच्या पेशी पुरुषाच्या अंगातल्या रसावर जगतात. गोळी तो रस आटवते, पेशी उपाशी पडतात, झोपून राहतात. गोळी थांबली तसा रस पुन्हा सुटला, पेशी जाग्या झाल्या आणि मणक्यात जाऊन बसल्या. पाय उद्याच परत येतील असं ती म्हणाली नाही. परत येतीलच असंही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी नानाजीनं वस्तादांना नागपूरला नेलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मणक्याला किरणांचे शेक दिले. पावसाळा लागता लागता वस्ताद घरी आले ते खाटेवरच. आता लिलाबाई आठवड्याला येऊ लागली. बाजेवर कुशी कशी बदलायची, टाचांखाली चिंध्यांची उशी कशी ठेवायची, पाठीचं कातडं लाल झालं की काय करायचं, हे तिनं सोजरबाईच्या हातानंच करून घेतलं. सोजरबाई दिवसातून कितींदा तरी त्यांची पाठ उघडून बघायची. जरा लाली दिसली की तिचं जेवण सुटायचं. लिलाबाईनं आढ्याला दोर बांधायला लावला. वस्ताद तो धरून बसू लागले. एका पायाचा अंगठा हलला तेव्हा त्यांनी कुणाला हाक मारली नाही, सोजरबाई दळण घेऊन येईपर्यंत अंगठा हलवत राहिले.

पोळ्याला ते दोर धरून उभे राहिले. दिवाळीनंतर काठी घेऊन आखाड्यापर्यंत गेले. डावा पाय ओढत, पण गेले.

सोजरबाईला मात्र चैन नव्हतं. तिनं लिलाबाईला परसात गाठून विचारलं, की पेशी अशाच झोपून राहतील का.

“काही पेशी उपाशी राहणं शिकतात, मावशी,” लिलाबाई म्हणाली. “मग गोळीचंबी काही चालत नाही. कवा शिकतात, काहून शिकतात, तेच तं डॉक्टर शोधून राह्यले.”

संक्रांतीनंतर तपासणीला दोघं नागपूरला गेली. पेशी पुन्हा जाग्या झाल्यात का ते कळायला रक्त देऊन झालं. व्हरांड्यात बाकावर हरिसिंग नावाचा एक बंजारा शेतकरी बसला होता, उन्हातही घोंगडं छातीशी आवळून. त्याची बायको रुपाबाई सोजरबाईला हळूच सांगत होती, की हा कुणाशी बोलत नाही, गोळी घेत नाही. वस्तादांनी ते ऐकलं. काठी टेकत ते हरिसिंगच्या शेजारी जाऊन बसले, त्याच्याकडं न बघता आधी पिकापाण्याचं विचारलं, मग आवाज खाली आणला. पुढचं बायकांना ऐकू आलं नाही. हरिसिंग मान खाली घालून ऐकत होता.

रक्ताचा निकाल यायला अजून तासभर होता. रुपाबाईनं विचारलं, तुमच्या मालकाले आता बरं हाये ना?

“आज हाये,” सोजरबाई म्हणाली, आणि आतल्या दाराकडं बघत बसली.