पाहुण्यांची विचारपूस

आत्मारामने केळीच्या देठाने तव्याला तेल पुसलं आणि वाटीभर पीठ कडेकडेने ओतलं. घावण्याला जाळी धरू लागली. शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी आधीच्या घावण्याचा तुकडा तोडून खाल्ला, थोडा वेळ थांबले आणि मान हलवली. दुसरा तुकडा त्यांनी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. पाहुणे असेपर्यंत प्रत्येक पदार्थाचं असंच करायचं होतं.

"न्या आता," डॉक्टर म्हणाले. "गरम आहे तोवर."

आत्मारामने ताट उचललं. दारात रुचिरा मॅडम उभ्या होत्या. पाहुण्यांबरोबर दर वर्षी येणाऱ्या, त्यांचं सगळं पाहणाऱ्या अधिकारी त्या. वयाने त्याच्या पुतणीएवढ्या.

"काल काय झालं ते लक्षात आहे ना?"

"आहे."

"आज विचारलंच त्यांनी, तर फक्त बरी आहे म्हणायचं. दोन शब्द."

"मॅडम, दुसरं काहीही सांगा," आत्माराम म्हणाला. "बंब बिघडला तर चांगला आहे म्हणून सांगेन. हे नाही जमायचं."

बंगला पावसच्या पुढे, सड्याच्या, उंच पठाराच्या, अगदी टोकाला होता. खाली समुद्र, मागे कातळ, आणि रस्त्यावर पाटी नाही. देशाचा कारभार बघणारी मोठी माणसं इथे विश्रांतीला येत. काम करणाऱ्यांनी त्यांचं नाव घ्यायचं नाही, हुद्दा घ्यायचा नाही, नुसतं पाहुणे म्हणायचं, असा इथला रिवाज होता. फोन फाटकावर जमा करायचे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. पाहुणे असताना कुणी घरी जायचं नाही, मागच्या चाळीत झोपायचं. यंदा आत्मारामला ते बरं वाटलं होतं.

आत्ताचे पाहुणे म्हातारे होते. दर हिवाळ्यात येत. तरुणपणी पुण्यात शिकायला होते, त्यामुळे मराठी बोलत, जरा सांभाळून. मागच्या वर्षी एका सकाळी पहारेकऱ्यांचा डोळा चुकवून ते बंडी-लुंगीवर स्वयंपाकघराच्या मागच्या अंगणात येऊन बसले होते. आत्मारामची बायको चिमा तिथे चुलीवर घावणे घालत होती. तिला वाटलं, ताफ्यातला नवा ड्रायव्हर असेल. तिने घावणं पानावर घातलं आणि म्हणाली, "हात बघा काय झालेत. आधी धुऊन या. आणि लवकर खा, साहेब लोक उठायच्या आत." पाहुणे निमूट उठून हात धुऊन आले. आत्माराम बाहेर आला तेव्हा ते पाटावर बसून खात होते आणि चिमा त्यांना विचारत होती, पगार वेळेवर देतात का. पाहुणे इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत रोज सकाळी ते तिथेच येऊन बसायचे. आणि ते कोण हे कळल्यावरही चिमा त्यांना ड्रायव्हरच म्हणायची.

गणपती गेल्यावर चिमा गेली. तापाचं निमित्त झालं.

काल दुपारी पाहुणे आले. जेवायला बसताच त्यांनी विचारलं, "आमच्या बाईसाहेब कुठे आहेत? मला रागावणाऱ्या?" आत्मारामने खरं ते सांगितलं. पाहुण्यांनी हातातला घास खाली ठेवला, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते रडले. जेवले नाहीत. आत्मारामही तिथे उभ्या उभ्या रडला. इतक्या महिन्यांत त्याच्यासाठी असं कुणी रडलं नव्हतं. मग चहाच्या वेळी तो कप ठेवायला वाकला, आणि पाहुणे हसून म्हणाले, "आमच्या बाईसाहेब दिसल्या नाहीत अजून?"

त्याने पुन्हा सांगितलं. पाहुणे पुन्हा तसेच रडले. त्यांच्यासाठी ती बातमी नवीच होती. रात्री त्यांनी ताटाला हात लावला नाही.

स्वयंपाकघरात यावर कुणी बोललं नाही. बोलायचं नसतंच. भांडी घासणारी धोंडूबाई तेवढी म्हणाली, "म्हातारं झालं माणूस," आणि परत राखेला लागली.

आता रुचिरा मॅडम दारातून हलल्या नाहीत.

"पुढच्या महिन्यात त्यांना लोकांसमोर जायचंय," त्या हळू म्हणाल्या. "चार दिवस खाऊन-पिऊन झोपावेत म्हणून आणलंय. तुम्ही सांगता तेव्हा दर वेळी ती नुकतीच गेलेली असते. तुम्हीच बघितलंत काल."

आत्मारामने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. घावण्यांची वाफ कमी होत होती.

"निवतायत," तो म्हणाला आणि त्यांच्या बाजूने आत गेला.

पाहुणे समुद्राकडच्या खिडकीशी बसले होते. शाल नीट केलेली, केस विंचरलेले. ताट बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तिने घातले?"

आत्मारामने ताट ठेवलं. खोबऱ्याच्या रसाची वाटी जवळ सरकवली.

"मी घातले."

"मग ती कशी आहे?"

खाली खडकांवर लाट आपटून परत गेली. आत्मारामने टेबलावरचा पुसलेलाच कोपरा परत पुसला.

"बरी आहे," तो म्हणाला.

पाहुण्यांनी सगळं खाल्लं आणि आणखी एक मागितलं.

मागे आल्यावर आत्माराम मोरीपाशी उभा राहून तोंडावर पाणी मारत राहिला. धोंडूबाईने घासलेली कढई पालथी घातली.

"बोललास?"

"बोललो."

"जेवले?"

"जेवले."

"मग नळ बंद कर. टाकी भरायची हाय."

दुपारी पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, ती कशी आहे, आणि बरी आहे म्हटल्यावर, मग समोर का येत नाही. याचं उत्तर मॅडमनी शिकवलेलं नव्हतं. आत्माराम म्हणाला, "माहेरी गेली आहे, चिपळूणला." संध्याकाळी तेच पुन्हा सांगितल्यावर ते म्हणाले, माहेरी कशाला? "भाचीचं लग्न आहे," आत्माराम म्हणाला. आणि पाहुणे ऐकतायत असं दिसल्यावर त्याने पुढे सांगितलं, की नेसायच्या लुगड्यावरून निघता निघता भांडली. हिरवं नेस म्हटलं तर म्हणाली, हिरव्यात मी वालीच्या शेंगेसारखी दिसते. पाहुणे हसले. आत्मारामही हसला. चिमा हे खरंच म्हणाली होती, कुठल्या तरी दुसऱ्याच लग्नाला.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणात वांगं खारट झालं होतं, ते चिमाने वाढणाऱ्याला तोंडावर सांगितलं. पाहुण्यांना कालचं आठवत नव्हतं, म्हणून आत्माराम पहिल्यापासून सांगायचा, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. ताट ठेवून झालं तरी तो आता रेंगाळायचा. पाहुणे विचारायला विसरले असं वाटलं, तर पाण्याचा तांब्या उगीच इकडचा तिकडे करायचा, विचारेपर्यंत.

"कुणाचं लग्न लावतंयस रे?" धोंडूबाईने भांड्यावरची नजर न काढता विचारलं. तिने खिडकीतून ऐकलं होतं. "तुझ्या मेवण्याला दोन्ही पोरगेच ना? पोरगी कधी झाली?"

"काल झाली."

"आणि लगेच उजवलीस. बरा हायस."

आत्माराम हसला, तीही हसली. मग तिचं हसू थांबलं, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पीठ ढवळायला घेतलं.

त्या संध्याकाळी रुचिरा मॅडम मुद्दाम मागे आल्या.

"उद्या सकाळी निघणार आम्ही," त्या म्हणाल्या. "न्याहारी अनिल नेईल. तुमच्यावर फार ओझं टाकलं मी. मला कळत होतं."

"नको."

"एक वेळचाच प्रश्न आहे, आत्मारामकाका. सुटाल तरी."

"मीच नेतो," तो म्हणाला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने तवा उचलून आत नेला.

सकाळी ताट नेताना त्याच्या मनात सगळं तयार होतं. लग्न उरकलं. भावाने आणखी राहायचा आग्रह केला, पण ती निघाली. दुपारच्या एसटीने येईल. पिशवीत लाडू असतील, तिच्या मांडीवर कुणाचं तरी मूल बसलेलं असेल. पाहुण्यांची आणि तिची चुकामूक होईल, पण थोडक्यात.

पाहुणे बाहेरच्या कपड्यांत बसले होते. कोट, पायांत बूट. मॅडम दाराशी होत्या. आत्मारामने ताट ठेवलं, वाटी सरकवली आणि बाजूला उभा राहिला.

पाहुण्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नजर सभ्य होती, अनोळखी माणसाकडे बघावी तशी.

"तुम्ही नवे आहात का इथे?"

आत्मारामने पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे केला. पाहुणे थांबले. त्यांना उत्तराची सवय होती.

"होय, साहेब," तो म्हणाला.

"नाव काय?"

"आत्माराम."

पाहुण्यांनी घावण्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला, खाल्ला. चव घेताना त्यांच्या कपाळावर एक आठी आली. आत्माराम श्वास धरून बघत राहिला. आठी गेली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मॅडम एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी आत्मारामकडे बघून हळूच मान हलवली. आता गरज नाही, असं त्या सांगत होत्या. पाहुण्यांना ती आठवतच नव्हती. जिला ओळखत नाही अशा बाईसाठी ते रडले नसते, न्याहारी सोडून उठले नसते. आता खरं सांगता आलं असतं.

"मी आणि बायको," आत्माराम म्हणाला.

"मुलंबाळं?"

"नाहीत."

"मग ती घरी एकटी." पाहुण्यांनी हातातला तुकडा तसाच धरला. "हे बरं नाही, आत्माराम. इथलं काम काय, चालूच राहणार. आम्ही गेलो की आज लवकर घरी जा."

मॅडमनी तोंड समुद्राकडे वळवलं होतं.

"जातो," आत्माराम म्हणाला आणि त्यांच्या कपात चहा ओतायला वाकला.