दही लागेना त्या साली

शाल खांद्यावरून पुन्हा घसरली, तेव्हा चेअरमन सुग्रीवरावांनी ती स्वतःच्या हातानं सावरली आणि फोटो काढणाऱ्याला दरडावलं,

"घे बे आता! मॅडम काय शाल धरून दिवसभर उभ्या राहनार हायेत का?"

मॅडम म्हणजे डॉ. मुक्ता. बीडच्या कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांच्या गोष्टी गोळा करायच्या. जंतूंचा अभ्यास करणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर त्यांनी लिहिलेला शोधनिबंध परदेशातल्या मोठ्या मासिकात छापून आला होता. गावात तो कुणी वाचला नव्हता, वाचणारही नव्हतं. पण तलवाड्याच्या अलीकडची आपली एवढीशी वाडी, तिची गोष्ट सातासमुद्रापार जाऊन बसली म्हटल्यावर दूध सोसायटीच्या पत्र्याखाली सत्कार ठेवणं भागच होतं. बाहेर टँकरची वाट बघत घागरींची रांग लागलेली. घागरी उन्हात, बाया सावलीला, म्हणून गर्दीही आयतीच झाली.

गोष्ट ज्याची, तो राधाकिशनतात्या फेटा बांधून पुढंच बसला होता. हा म्हातारा असा, की तहान लागली तर आधी विहिरीची गोष्ट सांगेल, मग पाणी मागेल.

"मॅडम," तो म्हणाला, "माजी जखीण इमानात बसली म्हना की! तिकीट काढलं का तसंच?"

लोक हसले. मुक्ताही हसल्या. माइक हातात आला, छपरावरचा भोंगा कोकलला, आणि त्यांनी गोष्टीपासूनच सुरुवात केली.

गोष्ट मागच्या मोठ्या दुष्काळातली, चारा छावणीच्या सालातली. त्या साली गावात दही लागेना. बाया सांजच्याला विरजण लावायच्या आणि सकाळी मडक्यात दूध ते दूधच. तात्यानं कारण शोधून काढलं, ते असं: गेवराईच्या पुलावर एक जखीण बसते, तिची जीभ तिथून सुटते ती थेट गावातल्या मडक्यात उतरते आणि दह्याचं सत्त्व चाटून जाते. पहिल्या खेपेला लिंबाची एक डहाळी दाखवली की पळायची. दुसऱ्या खेपेला भारा लागला. तिसऱ्या खेपेला जखिणीनं त्याच भाऱ्यातली एक काडी मोडून दात घासायला घेतली.

"हीच ती जागा," मुक्ता म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. "छावणीत गायींना दगडी व्हायची, कासा सुजायच्या. सडात औषध सोडलं जायचं. सूज उतरली की मधेच बंद, पुन्हा सुजली की पुन्हा चालू, आणि दर वेळी आधीपेक्षा भारी. अर्धवट मारलेले जंतू निबर होत गेले. मग कोणतंच औषध त्यांना लागू पडेना. तात्यांच्या जखिणीला डहाळी लागू पडेना, तसंच. आणि ते औषधाचं दूध सोसायटीच्या कॅनमध्ये मिसळलं जायचं, तेच गावात घरोघरी जायचं. औषध विरजणातल्या जिवांनाही मारतं. म्हणून दही लागत नव्हतं. गोष्टीनं हे विज्ञानाच्या आधी ओळखलं होतं!"

टाळ्यांसाठी त्या थांबल्या. टाळ्या आल्या नाहीत. माणसांच्या माना एकएक करून दाराकडं वळल्या होत्या, आणि ज्यांच्या वळल्या त्यांनी त्या लगेच परत फिरवल्या होत्या.

दारात, रिकाम्या कॅनांच्या पलीकडं, एक म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत.

"बाई," ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मी भिवरा."

मुक्तांच्या हातातला माइक खाली आला. हे नाव त्यांनी ऐकलं होतं. गोष्ट संपवताना तात्यानं ते हसत हसत सांगितलं होतं आणि भोवतीची माणसंही हसली होती: ती जखीण कोन म्हंता? आपली भिवरा की! त्या दुष्काळात भिवराबाईच्या घरी एक म्हैस होती, छावणीत न गेलेली. तिचं दही लागायचं. गावभर विरजण तिच्याच घरून जायचं. आणि तरी गावाचं दही लागेना, हिचंच लागायचं. मग गावानं हिशोब मांडला. मुक्तांनी निबंधात लिहिलं होतं, 'एकटी राहणारी एक स्त्री'. संपादकांनी या काळजीबद्दल त्यांचं मुद्दाम कौतुक केलं होतं. तिच्या घराचं दार मात्र त्यांनी कधी वाजवलं नव्हतं.

"मंग जखीण न्हवतीच म्हना," भिवराबाई म्हणाली.

"नव्हती मावशी. कधीच नव्हती."

"त्या कागदात माजं नाव हाय का?"

"नाही. तुमची बदनामी नको म्हणून मी गाळलं."

म्हातारीनं पदर सारखा केला. "बदनामी करताना नाव हुतं. सुटका करताना न्हाई व्हय?"

बाहेर एका घागरीवर दुसरी घागर आपटली.

"टोळीत ऊस तोडाया गेलते, तर माझ्या चुलीपाशी कुनी चूल मांडंना. ते गेलं, झालं. आता गीताला, माज्या नातीला, बगाया पाव्हणे येतात. फाट्यावर चहा पितात, चार मान्सास्नी इचारतात, आन् तिथूनच माघारी. पोरगी लुगडं नेसून दुपारपातुर बसती. तिला काय सांगू? मासिकात एक बाई हाय, ती मी हाय, म्हनून सांगू?"

राधाकिशनतात्यानं फेटा काढून मांडीवर घेतला होता. त्याचं टक्कल पहिल्यांदाच गावानं नीट पाहिलं असेल.

"भिवरे, गंमत केलती म्या," तो म्हणाला. तिनं तिकडं पाहिलं नाही. तो उठला, मुक्तांपुढं हात केला. "द्या हिकडं ते. मी सांगतो सगळ्या गावाला. खोटं हुतं म्हून सांगतो."

"बसा तात्या," सुग्रीवराव हसले. "तुमचं कोन खरं धरतंय? उद्या म्हनाल, जखिणीनंच सांगितलं मला."

पत्र्याखाली हशा पिकला, मोकळा झाल्यासारखा. तात्याही सवयीनं हसायला गेला आणि तोंड तसंच राहिलं. मग तो खाली बसला.

मागून एकानं विचारलं, "पर मॅडम, ती औषधाची गाय कुनाची व्हती?"

"चला चला, चहा निवतोय," सुग्रीवराव घाईनं म्हणाले. "मॅडमना बीडला जायाचंय. लांबचा रस्ता हाय."

गाय कुणाची, ते मुक्तांना ठाऊक होतं. छावणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुग्रीवरावांच्या वडिलांच्या जर्शी गायी. सोसायटीचं निम्मं दूध त्यांचंच, आणि चेअरमनही तेव्हा तेच. निबंधात ते 'एक प्रतिष्ठित दूध उत्पादक' झाले होते. भिवराबाईला आणि त्यांना, दोघांनाही एकाच मापानं झाकलं होतं, आणि तेव्हा ते माप त्यांना न्यायाचं वाटलं होतं. आता त्यांच्या लक्षात आलं, की शाल अजून खांद्यावर आहे, आणि तिच्याखाली पाठ घामानं भिजली आहे.

माणसं उठू लागली. मुक्ता मधली मोकळी जागा ओलांडून दारापर्यंत गेल्या आणि भिवराबाईजवळ, नुसत्या फरशीवर, बसल्या. माइकची वायर त्यांच्यामागं फरफटत आली. त्यांनी माइकचं तोंड तळहातानं घट्ट झाकलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या,

"मावशी, गायी सुग्रीवरावांच्या वडिलांच्या होत्या. तुमचा काडीचा दोष नव्हता. मला सगळं माहीत आहे. तेव्हाही होतं."

भिवराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"मला कशाला सांगतीस?" ती म्हणाली. "मला ठाव हाय की मी कोन हाय ते."

पलीकडं सुग्रीवराव चहाचा कप हातात धरून थांबले होते. उठलेली माणसं उठलेलीच राहिली.

म्हातारीनं मुक्तांच्या बोटांवर आपलं एक बोट ठेवलं.

"हात काढ त्याच्यावरला."