चपलांची रांग

"हितं चपलाबी आजारी पडत्यात वाटतं," माझ्या मागची बाई पुटपुटली.

वैजयंती तिचं नाव. टेंभुर्णीहून पहिल्या एसटीनं आलेली. तिची आई मुक्ताबाई बाहेर लिंबाखाली आडवी झाली होती. नव्या माणसांना आमची रीत कळत नाही. कॅन्सरच्या या ओपीडीत सोमवारी चाळीसच नंबर देतात आणि पेशंटला तीन तास उभं राहवत नाही. म्हणून त्याच्या चपला रांगेत उभ्या राहतात. रांग सरकली की मागच्यानं त्या पुढं ठेवायच्या. पायानं ढकलून नव्हे, हातानं उचलून. असं कुठं लिहिलेलं नाही, पण पाय लावणाऱ्याला आम्ही डोळ्यांनीच खातो.

माझ्या पुढं शांतम्माच्या चपला होत्या. निळ्या, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेल्या.

शांतम्मा जाऊन अठरा दिवस झाले होते.

तिचा नवरा बसलिंगप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. आजही खाडा करून तो चपला घेऊन आला होता. गेल्या सोमवारीही आला, तिच्या नावाचा नंबर घेतला, दुपारपर्यंत बाकावर बसला आणि चपला पिशवीत घालून गेला. सगळ्यांना ठाऊक. बोललं कुणीच नाही. मीही मुकाट उचलत राहिले. मला उभं राहवत नाही त्या सोमवारी माझ्या यजमानांच्या चपलाही याच रांगेत असतात की.

शिपाई मोजत आला. माणसं मोजली, चपला मोजल्या. माझ्यापाशी थांबला. "चाळीस! बाकीच्यांनी पुढच्या सोमवारी या."

"अवो दादा, आईला दोन दिस झालं पानीबी उतरंना," वैजयंती रडकुंडीला आली. "या निळ्या चपलांचं मानूस कुटं हाय? दावा की मला."

सगळी रांग एकदम मोबाइलात शिरली. कुणी उगाच खोकलं.

"बाहेर बसलीय," शेजारच्या बाकावरून बसलिंगप्पा भिंतीकडं बघत म्हणाला. "येईल आता. व्हय की नाही, अक्का?"

अक्का म्हणजे मी.

रांग सरकली. मी वाकून चपला उचलल्या. पुढं ठेवल्या नाहीत. पदरानं पुसून त्याच्या हातात दिल्या. त्यानं त्या छातीशी धरल्या.

"बसलिंगप्पा," मी म्हटलं, "शांतम्मा वारली."