अर्ध्यावरचा काटा

हे गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक भेटायला येऊन रडून जायचे, मी त्यांना पाणी देत राहायचे. एक गाडी तेवढी चालवत होते. ह्यांचे पाय लांब, म्हणून सीट पार मागे सरकवलेली. ती तशीच ठेवून, पाठीशी जाड उशी घेऊन मी बसायचे. मग एका सकाळी गाडीही फाटकातच बंद पडली.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, बॉनेट उघडलं. त्यांचे हात चालतात, पण तोंड त्याहून जास्त.

"पेट्रोल पुढे येतच नाहीये, वहिनी. पंप गेला. नवा आणतो, घरीच बसवू. त्यानंही नाही चालू झाली तर उद्या भंगारवाला. दारात पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा?"

मी बरं म्हटलं. ती सीट भंगारात जायला नको होती मला, पण तेवढं बोलण्याचंही त्राण नव्हतं.

भाऊजी नवा पंप घेऊन आले. बॅटरीची तार काढली, दारं सताड उघडली, मागची सीट उचलली. खाली टाकीचं गोल झाकण होतं.

"फडकं धरा, पेट्रोल सांडेल."

मी धरलं. जुना पंप वर आला, पण फडक्यावर थेंबही पडला नाही. भाऊजींनी टाकीत डोकावून पाहिलं.

"अहो, ही तर कोरडी ठणठणीत!"

"काटा तर अर्ध्यावर आहे," मी म्हटलं.

काटा कायम अर्ध्यावरच असायचा. ह्यांची शिस्त, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. दादाची गाडी वाऱ्यावर चालते, म्हणून भाऊजी चिडवायचे. हे गेल्यावरही काटा तिथेच होता आणि मी तो रोज बघत होते.

भाऊजींनी पंप उलटा केला. त्याच्या बाजूला एक बारीक दांडी, टोकाला तरंगता गोळा. पेट्रोल वरखाली झालं की तोही होणार आणि काट्याला कळवणार. दांडी वाकून मध्येच अडकली होती. घासल्याची खूण जुनी, काळी पडलेली.

"म्हणजे दादाला माहीत असणार."

दर शनिवारी जेवण झालं की हे "जरा जाऊन येतो" म्हणत गाडी काढायचे. "जा, बायकोपासून तेवढीच सुटका," मी म्हणायचे. हे नुसते हसायचे. पेट्रोल भरायला जात होते. म्हणून मी कधी रस्त्यात अडकले नाही, आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं.

"पंप तसा चांगला दिसतोय," भाऊजी म्हणाले. "जुनाच बसवू? काट्याचं काय, लक्षात ठेवून भरायचं. दादा भरायचा तसं."

"नवाच बसवा," मी म्हटलं. "लक्षात ठेवणारं माणूस गेलं."

म्हटलं, आणि मला रडू फुटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. भाऊजींनी जुना पंप बाजूला ठेवला आणि नवा खोक्यातून काढला.

मग नवा पंप बसला. भाऊजींनी डब्यातून आणलेलं पेट्रोल ओतलं, मी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. काटा तळापासून जेमतेम वर येऊन थांबला.

मी पाठीची उशी काढली आणि सीट पुढे ओढून घेतली.