गाळाची बरणी

माझी सही म्हणजे धाकट्या दिराला घरचीच वस्तू वाटते. मागितली की हातात पडली पाहिजे.

त्याने धरणाच्या पाण्याने भरलेली बादली पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आदळली. “वहिनी, बघा, एक जीव नाही. धरण मेलंय, एवढं लिहा आणि सही ठोका.”

त्याला धरणात मत्स्यबीज सोडायचा ठेका हवा होता. पाण्यात जलपिसवा असल्या, की ठेका मिळत नाही. या टिपक्याएवढ्या पिसवा शेवाळ खातात, म्हणून नळाला नितळ पाणी येतं. माशांची पिल्लं त्यांचा फडशा पाडतात, मग प्या हिरवं पाणी.

“बादली कुठून भरलीत, भाऊजी?”

“काठावरून. आत्ताच.”

भर उन्हाळा, भर दुपार आणि काठ! पिसवा उजेड टाळून खोल जातात. उन्हाळ्यात तर बहुतेक जणी गाळात अंडी ठेवून मरतात. जेवणाच्या सुट्टीत कचेरीत डोकावायचं आणि म्हणायचं, इथे कोणी कामालाच नाही!

“थंडीत या,” मी म्हटलं.

“बाई, घरच्या माणसाशी कशाला वाकड्यात शिरता?” आमचे साहेब म्हणाले. “बदली होईल.”

“होऊ दे.”

मी धरणाच्या तळाचा गाळ काढला, बरणीत घातला, वर गाळलेलं पाणी ओतलं आणि बरणी घरी खिडकीत ठेवली. दिराने बोलणं टाकलं. सासूबाई रोज विचारायच्या, “काय म्हणतोय तुझा चिखल?” नवरा म्हणायचा, “तुझं बरोबर आहे, पण...” त्याच्या त्या ‘पण’ची मला भयंकर चीड यायची.

पावसाळा सरला, थंडी पडली. एका सकाळी बरणीत एक टिपका टुणकन उडाला. मग दुसरा. मी एकटीच मोठ्याने हसले. बरणी घेऊन तशीच धरणावर गेले, होडीतून जाळं तळाशी सोडलं आणि वर ओढलं. पिसवाच पिसवा! अहवाल लिहिला, सही केली आणि लगेच वरच्या कचेरीत पाठवून दिला.

दुपारी दीर प्रयोगशाळेत आला. मी त्याच्या हातात भिंग दिलं. तो बराच वेळ बरणीत बघत राहिला.

“हिचं काळीज उडताना दिसतंय की, वहिनी.”

“दिसतंय ना?”

“हो.” त्याने भिंग खाली ठेवलं. “तरी सही करा.”

इतके महिने मी समजत होते, याला दिसत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांनी दोन कागद पुढे सरकवले. एकावर ‘जीव नाही’, दुसऱ्यावर माझी बदली. “यातला एकच लागेल, बाई.”

मी पेन उघडलं आणि बदलीच्या कागदावर सही केली.

“खरा अहवाल सकाळीच वर गेलाय, भाऊजी. आता खुशाल खोडत बसा.”

दिराचा चेहरा पडला. मी बरणी काखेत मारली.

“साहेब, तिकडे धरण आहे का?”

“आहे.”

“मग माझं जाळंही पाठवा.”