टिप क्रमांक एकशे बारा

आमचे श्रीरंग सर रोज सकाळी आठला ग्रुपवर 'आजची टिप' टाकतात. ग्रुपात आठशे लोक, सगळे सर्व्हर सांभाळणारे, सगळे 'वा सर' म्हणून मोकळे. टिप कुणाची? माझी! चार वर्षं औरंगपुऱ्यातल्या या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळते, चुकते, निस्तरते आणि फाइलीत लिहून ठेवते. सर तिथनं उचलतात आणि खाली स्वतःचं नाव ठोकतात. आता दसऱ्याला या टिपांचं पुस्तक निघणार होतं. म्हटलं, "सर, आत कुठंतरी माझं नाव टाका." तर म्हणे, "प्रेरणा, ज्ञान कुणा एकाचं नसतं." आन् कव्हरवर फोटो? यांचाच!

खंडेनवमीला सरांनी सर्व्हरची पूजा काढली. इथवर ठीक. पण म्हणाले, "शस्त्रं आज विसावतात. दहा मिनिटं बंद कर."

"सर, लई जुना गडी आहे. चार वर्षांत बंद केला नाय. उठलाच नाय तर?"

"माझी टिप आहे ना! एक स्क्रिप्ट चालवली की सगळं एकदम उठतं."

हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, पेढे झाले. मग सरांनी बटण दाबून सर्व्हर बंद केला. दहा मिनिटांनी परत चालू केला आणि ग्रुपवरची टिप क्रमांक एकशे बारा काढून तिच्यातली स्क्रिप्ट चालवली. काहीच उठलं नाय. परत चालवली. तरी नाय.

तेवढ्यात लासूर स्टेशनच्या अप्पारावांचा फोन. त्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या आमच्याच सर्व्हरवरनं निघतात. सरांनी स्पीकर लावला.

"ओ साहेब, मक्याच्या अकरा गाड्या काट्यावर उभ्या हायेत. पावती निघंना. काय लावलंय तिकडं?"

सर माझ्याकडं वळले. "प्रेरणा, बघ जरा."

मी माझी मूळ फाइल उघडली आणि स्क्रिप्टखालची ओळ मोठ्यानं वाचली. 'आपल्या जुन्या सर्व्हरवर ही चालवू नये. त्याचा डेटाबेस आधी हातानं उठवावा लागतो. मला विचारा. प्रेरणा.'

"ही ओळ ग्रुपवर कुठंय, सर?"

सर सर्व्हरवरचा हार सरळ करायला लागले. माझं नाव होतं म्हणून या बाबानं अख्खी ओळच उडवली होती!

"कोण प्रेरणा?" फोनमधनं अप्पाराव.

"आहे एक, आमच्याकडं कामाला," सर म्हणाले.

असा संताप आला! वाटलं, उठावं आणि सरळ गावाकडची, पाचोडची बस धरावी. पण गाडीवाले उन्हात ताटकळलेले. त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं? बसले. आधी डेटाबेस, मग बाकीचं. सहा मिनिटं लागली.

"निघाली पावती!" अप्पाराव ओरडले. "साहेब, दसऱ्याला तुम्ही ते पुस्तक देणार होता ना मला?"

सर खुलले. "तर! तुमची प्रत बाजूलाच ठेवलीय."

"राहू द्या ती. त्या पोरीचा नंबर द्या."

सरांनी फोनकडं हात नेला, पण मी आधीच उचलला होता.

"लिहून घ्या," म्हटलं. "आधी नाव. प्रेरणा पुंडलिक वाघ."