सोलरुनने बसवलेले पाटे

मित्रांनो, माझे वय सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. मी चौतीस वर्षांची जीप आहे. माझे मागचे उजवे दार फक्त आतून उघडते, हीटर लावला की ओल्या लोकरीचा वास येतो, आणि रंगाची जी काही ऐट होती ती आइसलंडच्या खारट वाऱ्याने केव्हाच खाऊन टाकली. तरीही आमच्या खोऱ्यात माझे नाव मानाने घेतात. ते का, तेवढे ऐकून घ्या.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. जहाजातून इथे उतरल्यावर पहिली चार वर्षे मी विजेच्या तारा तपासणाऱ्या माणसांना घेऊन हिंडले. मग मला केटिलने विकत घेतले. केटिल हा मेंढ्या पाळणारा शेतकरी, हाताचा कसबी आणि बोलायला महाकंजूष. माझी सगळी दुखणी त्यानेच काढली. त्याची मुलगी सोलरुन जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी मीच आणले.

उन्हाळाभर आमच्याकडच्या मेंढ्या वर डोंगरात मोकळ्या चरतात. सप्टेंबरात सगळे खोरे मिळून त्यांना हाकत खाली आणते. तीन दिवस लागतात. माणसे घोड्यावर किंवा पायी असतात. त्यांची अंथरुणे, घोड्यांचे गवत, स्वयंपाकाचा पसारा, सगळे माझ्या पाठीवर. केटिल मला घेऊन पुढे जायचा, डोंगरातल्या झोपडीत चूल पेटवायचा, आणि ओलीचिंब माणसे दारात आली की एकेकाच्या हातात मटणाच्या सुपाचा वाडगा द्यायचा. अठ्ठावीस वर्षे त्याने एकही खेप चुकवली नाही. या मोहिमेच्या प्रमुखाला सगळे डोंगरराजा म्हणतात. हल्लीचा डोंगरराजा एविंदूर हा धिप्पाड गडी एकदा सगळ्यांदेखत म्हणाला होता, की मी आजारी पडलो तरी मोहीम निघेल, पण केटिल आणि त्याची जीप नसेल तर मीच घरी बसेन. त्या दिवशी मी फुलून गेले होते.

मागच्या हिवाळ्यात केटिल गोठ्यासमोरच्या बर्फावर घसरला आणि त्याच्या पाठीचा मणका मोडला. मणका जुळला, पण दुखणे राहिले. मीही कोठारामागे उभी राहिले. बर्फ वितळून गवत उगवले तरी कोणी किल्ली फिरवली नाही. मेंढ्या माझ्या बंपरला अंग घासून जात. मित्रांनो, अंगावरून कोणाचा हात फिरेनासा झाला की गंजसुद्धा दुप्पट वेगाने चढतो, हे मी अनुभवाने सांगते.

जूनमध्ये सोलरुन टॉर्च घेऊन माझ्याखाली शिरली. ती गावच्या तरणतलावावर देखरेखीचे काम करते, आणि बापासारखीच हट्टी आहे. माझ्या मागच्या चाकांवर पाटे आहेत, म्हणजे एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या. तीस वर्षांच्या ओझ्याने ते बसून अगदी सपाट झाले होते, आणि एकाला तडा गेला होता. खड्डा आला की धक्का थेट सीटपर्यंत जाई. अशा गाडीत केटिलला डोंगरात नेणे म्हणजे त्याची पाठ पुन्हा मोडणे. पण तो गेलाच नाही, तर मग तो कशासाठी सकाळी उठणार, ही तिची काळजी होती. तिने परदेशातून नवे पाटे मागवले. माझ्या कारखान्याचे नव्हेत, दुसऱ्याच कोणी खास अशा वाटांसाठी बनवलेले, लांब आणि लवचिक. सोबत नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि बुशही होते, म्हणजे पाट्यांच्या टोकांत बसणाऱ्या जाड रबरी नळ्या.

आता आमच्या खोऱ्याची एक रीत सांगायला हवी. शेजाऱ्याचे गवत भिजत असेल तर सगळे धावून जातात. पण तो कुंपण वाकडे ठोकत असेल तर कोणी शब्द काढत नाही. विचारल्याशिवाय सल्ला देणे इथे उर्मटपणाचे समजतात. आणि विचारणे हा त्याहून मोठा कमीपणा.

तेव्हा सोलरुनने कोणाला विचारले नाही. एका शनिवारी तिने मला अंगणात आणले, पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी टेकूंवर ठेवली आणि चाके काढली. गंजलेले बोल्ट तेल पाजूनही हलेनात, तेव्हा दोन तर तिने करवतीने कापले. मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल खाली सोडताना ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून ती हाताने धरून पाहत होती. जुने पाटे गवतावर पडले तेव्हा मला गलबलून आले. किती ओझे वाहिले होते त्यांनी! मग तिने नवे पाटे चढवले, त्यांच्या दोन्ही टोकांच्या गोल भोकांत बुश बसवून बोल्ट सारले, आणि लांब पाना घेऊन, दोन्ही पाय माझ्या चाकाच्या कमानीला टेकवून, एकूणएक बोल्ट जीव खाऊन आवळले. ॲक्सल अजून हवेत लोंबकळतच होता.

केटिल स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन बसला होता. तिने पहिला बोल्ट आवळायला घेतला तसा तो उठला. त्याने खिडकीच्या कडीला हात घातलेला मला दिसला. मग त्याने हात मागे घेतला आणि तो पुन्हा बसला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी सोलरुनने त्याला शेजारी बसवून मला नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावर नेले. मित्रांनो, मला स्वतःचीच लाज वाटली. नवेकोरे पाटे, पण अंग आखडून गेलेले. प्रत्येक दगडावर मी ताठ उडत होते आणि मागून करकर आवाज येत होता. मेंढ्या अडवायला रस्त्यात बसवलेली दुसरी लोखंडी जाळी ओलांडली आणि केटिलने दाराला हात घातला. तो खाली उतरला आणि काठी टेकत घराकडे चालू लागला. सोलरुन त्याच्या मागून मला त्याच्या चालीने आणत राहिली. अंगणात पोचल्यावर तो एवढेच म्हणाला, "यंदा चुलीचं एविंदूर बघेल. त्याला निरोप दे."

एविंदूर आठवड्याने आला. सोलरुन मला वळवून बाजूला घेत होती. करकर त्यालाही ऐकू गेली, कारण त्याची मान एकदम वळली. पण रीत ती रीत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वा, चांगली उंच झालीय की. माझ्या घोडीला शिडी लागेल आता."

सोलरुन हसली नाही. ती म्हणाली की चुकीचा माल आला असावा, पाटे परत पाठवून देते. एविंदूरने काही वेळ टोपी हातात फिरवली. मग म्हणाला, "पोरी, तुझ्या घरात या खोऱ्यातला सगळ्यात जाणता माणूस बसलाय. त्याला विचारलंस का?"

विचारायचे कसे, असे तिने उत्तर दिले. विचारले तर तो मोडक्या पाठीने जीपखाली शिरेल.

"मग शिरू नकोस म्हणून सांग. विचार तर खरं."

तिने माझे इंजिन बंद केले. मग घरात गेली, आणि केटिलला दंडाला धरून अंगणात घेऊन आली.

"बाबा, मी कुठे चुकले?"

तीस वर्षांत हा प्रश्न मी या घरात प्रथमच ऐकला. केटिल लगेच म्हणाला, "बोल्ट. तू हवेत आवळलेस. बुशातलं रबर तिथंच पकडलं गेलं. गाडी चाकांवर आली की ते पिळलं जातं. रबर असं पिळलेलं राहिलं तर पाटे लवणार कसे? आधी गाडी खाली घ्यायची, जेवढं वजन न्यायचं तेवढं घालायचं, आणि मग आवळायचं."

सोलरुन त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं कळलं मी हवेत आवळले ते?"

"खिडकीतून दिसत होतं."

"आणि बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. एविंदूर उगाचच लांब डोंगराकडे बघू लागला. केटिलने काठी या हातातून त्या हातात घेतली. "तेवढंच नाही. मला भीती वाटत होती, सोलरुन. वर गेल्यावर सगळ्यांपुढे कण्हायला लागलो तर? जीपच बिघडली असती तर माझ्यावर काही आलं नसतं."

तेव्हा मला खिडकीच्या कडीवरचा तो हात समजला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकी वर्षे हा माणूस माझी प्रत्येक करकर ऐकत आला होता, आणि त्याची मात्र कोणाला ऐकू गेली नव्हती.

सोलरुन रडली नाही आणि रागावलीही नाही. तिने लांब पाना उचलला आणि माझ्याखाली सरकत म्हणाली, "वजन किती घालू?"

मोहिमेचा माल अजून कोणाच्या घरात जमला नव्हता. एविंदूरने फोन लावले. अर्ध्या तासात खोऱ्यातली पाच माणसे रबरी बूट घालून हजर झाली आणि माझ्या पाठीवर दाटीवाटीने बसली. एविंदूर चढला तेव्हा कोणीतरी म्हणाले की राजा एकटाच गवताच्या चार गठ्ठ्यांना भारी आहे, बाकीचे उतरले तरी चालतील. सोलरुनने सगळे बोल्ट सैल केले. मित्रांनो, ते रबर सुटले तेव्हा मी खरोखर सुस्कारा टाकला. हातभर खाली आल्यासारखे वाटले. मग खालून तिचा आवाज आला. पुढच्या सीटवर कोणी का नाही? वाटेत तिथे जो बसणार आहे, त्याने येऊन बसावे.

केटिल माझ्याजवळ आला. दाराची चौकट धरून, हळूहळू, एक पाय आणि मग दुसरा पाय आत घेत तो बसला. सोलरुनने एकेक बोल्ट आवळला. शेवटचा झाल्यावर ती बाहेर आली, कपाळाला ग्रीस लागलेले, आणि म्हणाली की आता सगळे उतरा. पाठीवरचे सगळे उतरले.

केटिल बसून राहिला. "नदीपर्यंत जाऊन येऊ," तो म्हणाला.

सप्टेंबरात आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी लाव्हाच्या दगडांतली सर्वांत वाईट वाट लागली. मी शक्य तितकी हलक्या पावलांनी जात होते. पाटे लवत होते, करकर नव्हती. पण दगड शेवटी दगडच, आणि मणका एकदा मोडलेला. केटिलचा श्वास जड झाला. तो काही बोलणार नाही अशी माझी खात्री होती. सोलरुन समोरच्या वाटेकडे बघत होती.

"थांब जरा," केटिल म्हणाला. "दुखतंय."

तिने लगेच इंजिन बंद केले. मागून घोड्यावर येणारा एविंदूर थांबला, त्याच्या मागचे सगळे थांबले. कोणी का म्हणून विचारले नाही. कोणी सिगारेट पेटवली, कोणी घोड्याचा पट्टा नीट केला. खालच्या उतारावर मेंढ्या ओरडत होत्या. पंधरा मिनिटांनी केटिल म्हणाला, "चल." आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. तिला तेलपाणी करा, तिचे बुश वेळेवर बदला, आणि बोल्ट आवळायचे ते तिच्या पाठीवर ओझे चढवूनच. ती करकरली तर ऐका. आणि घरातले जे माणूस करकरत नाही, त्याला आधी विचारा.